खबर देणाऱ्याचे नाव

भावाला एक कागद हवा होता.
आजोबा इथलेच, याच मुंबईत जन्मले, असं सांगणारा.
म्हणून मी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसू लागले,
सोमवारी नि गुरुवारी, डबा घेऊन.

आधी खलफे सापडेचनात.
कारकुनाने आम्हांला कल्पी केलं होतं,
एकदा कलाफी, एकदा नुसतं 'हुसेन, खलाशी'.
साहेबाच्या राज्यात त्याला दिवसाकाठी शंभर नावं लिहायची,
आमचं एक तीनदा बुडालं, तीनदा वर आलं.

लग्न सापडलं डोंगरीला,
काझींच्या घरी, पत्र्याच्या पेटीत.
त्यांच्या मुलाने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं:
सन एकोणीसशे नऊ. हुसेन वल्द दावूद, वय चोवीस,
राहणार जमातीची खोली.
जैतूनबी, बाणकोटची.
मेहर एक्कावन्न रुपये, पैकी अकरा रोख.
बाकीचे चाळीस कधी दिले
ते कुठल्याच वहीत नाही.

बोटीचा कागद समुद्रापलीकडून आला,
पौंडांत पैसे भरल्यावर सहा आठवड्यांनी.
नागपाड्याच्या झेरॉक्सवाल्याने तो दोन पानांवर छापला,
मधली ओळ अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
बेलरोझ नावाची आगबोट. हुसेन, आगवाला.
वय एकोणतीस –
तीन वर्षांत पाच वर्षं म्हातारा झालेला.
पगार अठरा रुपये. खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग.
वर्तणूक चांगली.
चढला मुंबईला, दोन फेब्रुवारी एकोणीसशे बारा.
उतरला मुंबईला, नऊ मे एकोणीसशे तेरा.

जन्म शेवटी मिळाला.
उमरखाडी. मुलगा. सतरा मार्च एकोणीसशे तेरा.

मी बोटांवर मोजलं.
मग डब्याच्या झाकणावर, पेनाने.
तेरा महिने.
वर पंखा फिरत होता, खिडकीपाशी एक बाई
कुणाच्या तरी मृत्यूच्या दाखल्यासाठी भांडत होती.
म्हटलं, ज्याने खलफ्यांचं कल्पी केलं
त्याने बाराचं तेरा केलं असेल.
पण वरची मुलं तेराची, खालची मुलं तेराची,
वहीच्या पाठीवर सोनेरी आकड्यांत तेरा.

बारा सालच्या जून महिन्याची
जैतूनबीची वही कुणी ठेवली नाही.
तिला कुणी विचारलं होतं की नव्हतं,
कोण होता, शेजारचा की दारावर येणारा,
दार आतून लावलेलं होतं की बाहेरून,
मला कळायचं नाही.
मी फक्त तिचं नाव बोटाने झाकलं,
बाजूचा माणूस वाचेल म्हणून.

आणि बोट सरकलं तेव्हा पुढचा रकाना दिसला.
खबर देणाऱ्याचे नाव: हुसेन दावूद. नाते: बाप.
तारीख बारा मे.
उशिरा नोंद, दंड आठ आणे, वसूल.

बोट लागून तीन दिवस झाले होते.
चार तास भट्टी, आठ तास आराम, पुन्हा चार तास भट्टी,
पंधरा महिने पाळ्या मोजत आलेला माणूस.
हिशेब त्याला माझ्याहून पक्का येत असणार.
तरी रांगेत उभा राहिला,
आठ आणे मोजले,
आणि अंगठा टेकवला.
ठसा मधोमध काळाकुट्ट, रेषा बुजलेल्या.
शाई असेल.
किंवा इतका कोळसा तीन दिवसांत निघत नसेल.

नक्कल मागायच्या अर्जावर एक ओळ असते:
सदर व्यक्तीच्या वडिलांशी अर्जदाराचे नाते.
मी लिहिलं, पणती.

भावाचा फोन आला, मिळालं का?
म्हटलं, मिळालं, शिक्क्यासकट.
बापाचं नाव नीट वाचता येतंय?
म्हटलं, बापाचंच नीट वाचता येतंय.

बोटीचा कागद मी त्याला दिला नाही.
तो विजेच्या बिलांच्या पिशवीत आहे.

गेल्या महिन्यात बहिणीला मुलगी झाली.
पाळण्यावर वाकून सगळ्या एका सुरात म्हणाल्या,
अगं बाई, नाक बघा, अस्सल खलफ्यांचं!
मी पण वाकले, निरखून पाहिलं.
म्हटलं, हो, खलफ्यांचंच.